एसयूव्हीच्या ब्रेकची तक्रार: कशी ओळखावी, कशी नोंदवावी, कुठे न्यावी

"ब्रेक नीट लागत नाहीत" एवढेच सांगून गाडी सर्व्हिस सेंटरला दिली, तर ती बहुधा धुऊन-पुसून, पॅड साफ करून आणि "टेस्ट ड्राइव्हमध्ये दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन परत येते. यात प्रत्येक वेळी मेकॅनिकची टाळाटाळ असतेच असे नाही, कारण या एका वाक्याखाली अनेक वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. पेडल खाली जाऊन तळाला टेकले, की दाबले जाईना इतके घट्ट झाले. गाडी थांबली पण डावीकडे ओढली गेली, की समोर रस्ता मोकळा असताना गाडीनेच आपणहून करकचून ब्रेक लावला, या प्रत्येक घटनेचे मूळ गाडीच्या वेगळ्या भागात असते. म्हणून मालकाने दुरुस्तीचे तंत्र शिकण्यापेक्षा लक्षण अचूक पकडणे, ते लेखी नोंदवणे आणि योग्य दारात नेणे अधिक मोलाचे आहे. पुढील सर्व सूचना याच क्रमाने येतात.

पेडलाकडे लक्ष कसे द्यावे

पेडल दाबून धरले असता ते हळूहळू खाली सरकत गेले, तर पहिला संशय मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या भागाच्या) आतील रबरी सीलवर किंवा कुठेतरी होणाऱ्या गळतीवर घ्यावा. पेडल स्पंजासारखे दबते आणि दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावर वर येते, तेव्हा नळीत हवा शिरलेली असते किंवा ब्रेक ऑइल जुने होऊन त्यात पाणी मुरलेले असते. याउलट पेडल एकाएकी जड झाले, पूर्ण ताकद लावूनही गाडी सावकाश थांबू लागली, तर नळ्यांमधील दाब बहुधा ठीक असून पायाच्या बळाला जोड देणारा ब्रेक बूस्टर निकामी होत असतो. डिझेल इंजिनांत आणि अनेक टर्बो पेट्रोल इंजिनांत या बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी स्वतंत्र व्हॅक्यूम पंपाकडून मिळते. त्यामुळे पंप, त्याची नळी, नळीवरचा एकमार्गी व्हॉल्व्ह आणि बूस्टरचा पडदा हे चारही संशयित ठरतात. नळीसारखा किरकोळ वाटणारा भागही किती महत्त्वाचा असतो, हे मे २०१८ मध्ये मारुती सुझुकीने स्विफ्ट आणि बलेनो मिळून ५२,६८६ गाड्या केवळ ब्रेकच्या व्हॅक्यूम होजच्या तपासणीसाठी परत बोलावल्या तेव्हा दिसले होते. त्या गाड्या एसयूव्ही नव्हत्या, पण बूस्टरची रचना तीच असते.

थरथरण्याचे दोन प्रकार मालक नेहमी एकत्र करतात. ओल्या किंवा रेताड रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली खडखडल्यासारखे धडधडते, तेव्हा एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपले काम करत असते. तेथे पाय उचलणे हीच चूक ठरते. मात्र कोरड्या रस्त्यावर, ८० च्या आसपास वेग असताना हलका ब्रेक दाबला तरी स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्कची, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि पॅड जिला आवळतात त्या तबकडीची, जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही असे समजावे. वापरकर्ते याला "डिस्क वाकली" म्हणतात. प्रत्यक्षात जाडीतला काही शतांश मिलिमीटरचा फरकही हाताला जाणवतो. डिस्क खराद करून घेण्याआधी तिच्यावर कोरलेली किमान जाडी पाहावी आणि खरादीनंतर ती त्याहून कमी राहणार असेल, तर डिस्क बदलण्याचाच आग्रह धरावा.

गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर आधी चारही टायरमधील हवा तपासावी, कारण सर्वांत स्वस्त कारण तेच असते. हवा ठीक असेल, तर दहा-पंधरा किलोमीटर नेहमीसारखी चालवून गाडी थांबवावी आणि चाकांच्या जवळ, स्पर्श न करता, हात नेऊन पाहावे. एक चाक इतरांहून स्पष्टपणे अधिक तापलेले असेल किंवा त्याच्याकडून जळका वास येत असेल, तर त्या चाकाचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) अडकून पॅड डिस्कला सतत घासत असतो. कोकणात आणि समुद्राजवळच्या शहरांत कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजल्याने हे वारंवार घडते.

आवाजाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक सकाळी पहिल्या चार-दोन वेळा खरखरले तर तो डिस्कवरचा वरवरचा गंज असतो आणि तो निघून जातो. दिवसभर टिकणारी बारीक चिरचिर ही पॅड संपत आल्याची खूण असते. लोखंडावर लोखंड घासल्याचा जाड आवाज आला, तर गाडी पुढे चालवू नये.

आणि या सगळ्याआधी पायाखाली पाहावे. कंपनीच्या मॅटवर दुसरी जाड रबरी मॅट, तिच्यावर पावसाळ्यासाठी आणखी एक, आणि दाराच्या खणातून घरंगळलेली पाण्याची बाटली, एवढे पुरेसे असते. पेडल अर्ध्यावर अडकते आणि दोष मात्र ब्रेकवर जातो. चालकाच्या पायाखाली एकच आणि खुंटीला अडकवलेली मॅट असावी.

उभ्या गाडीवर करता येणाऱ्या तपासण्या

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून आणि न्यूट्रल किंवा पार्कमध्ये ठेवून उभी करावी. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबावे. ते घट्ट होत जाईल. तसेच दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली बसले, तर बूस्टरला पोकळी मिळत आहे. काहीच हालचाल झाली नाही, तर बूस्टर, त्याची नळी किंवा पंप यांत बिघाड आहे.

दुसरी तपासणी बूस्टरच्या हवाबंदपणाची असते. इंजिन एक-दोन मिनिटे चालू ठेवून बंद करावे, थोडा वेळ थांबावे आणि मग पेडल सावकाश दाबत जावे. पहिल्या दाबाला ते खोल जाते आणि पुढच्या प्रत्येक दाबाला थोडे वर राहते, असे झाले तर बूस्टर पोकळी धरून ठेवतो आहे. पहिल्याच दाबाला पेडल दगडी लागले, किंवा ब्रेक दाबताना पायाजवळून हवा सुटल्याचा 'सूंऽऽ' आवाज सतत येत राहिला, तर गळती आहे. तिसऱ्या तपासणीत इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम दाबाने अर्धा मिनिट धरावे. ते तसूभरही खाली सरकता कामा नये.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या अर्धपारदर्शक डबीत पातळी किमान आणि कमाल रेषांच्या मध्ये आहे का, ते पाहावे. पॅड झिजत जातात तशी ही पातळी सावकाश खाली येते. त्यामुळे कमी दिसली की वरून ओतून मोकळे होण्याची सवय घातक आहे. आधी पॅड मोजावेत. पॅड नवे असून पातळी घटत असेल, तर ऑइल कुठेतरी जात आहे, आणि ते जमिनीवर दिसेलच असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत टूसॉन, सँटा फे, सोरेंटो यांसारख्या एसयूव्हींसह सुमारे ३३ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या, त्या एबीएसच्या नियंत्रक युनिटमध्ये ब्रेक ऑइल आतल्या आत झिरपून विजेचा शॉर्ट होऊ शकतो म्हणून. धोका थांबण्याचा नव्हता, आगीचा होता; दुरुस्ती होईपर्यंत गाडी घराच्या भिंतीपासून दूर, उघड्यावर उभी करण्याचा सल्ला मालकांना देण्यात आला होता. बंद गाडीतून जळका वास येणे आणि त्याच सुमारास एबीएसचा दिवा लागणे, ही दोन लक्षणे एकत्र आली तर त्यांना वेगळे मानू नये.

दिव्यांचा अर्थही ठाऊक हवा. पिवळा एबीएसचा दिवा एकटा लागला असेल, तर साधे ब्रेक शाबूत असतात, फक्त चाक जाम होण्यापासूनचे संरक्षण गेलेले असते. अशा गाडीने अंतर राखून सावकाश वर्कशॉप गाठता येते. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक पूर्ण सोडल्यावरही जळत राहिला, किंवा लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले, तर गाडी चालवत नेऊ नये. दुसऱ्या स्थितीत पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते आणि जोरात ब्रेक दाबल्यास मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. विमा पॉलिसीसोबत रस्त्यावरील मदत घेतलेली असेल, तर गाडी उचलून नेण्याची सोय तिच्यात असते, तिचा वापर करावा.

घाट आणि वजन

एसयूव्हीच्या मालकांच्या तक्रारींचा मोठा हिस्सा घाट उतरतानाचा असतो, आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारींत गाडी निर्दोष असते. हिशेब करून पाहावा. सामान आणि माणसांसह २,००० किलो भरणारी गाडी १०० च्या वेगावरून पूर्ण थांबवली, तर ब्रेकना सुमारे पाऊण मेगाज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते. हीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरते तेव्हा ती साधारण ५०० मीटर खाली येते आणि त्या उताराची ऊर्जा जवळपास १० मेगाज्यूल होते. इंजिनाची मदत न घेता केवळ ब्रेकवर उतरणे म्हणजे १०० च्या वेगावरून बारा-तेरा वेळा, मध्ये थंड होऊ न देता, गाडी पूर्ण थांबवण्यासारखे आहे. छोट्या हॅचबॅकच्या जवळपास दुप्पट वजन असलेल्या गाडीत हे जास्त लवकर जाणवते, आणि एसयूव्ही दणकट असते म्हणून तिचे ब्रेकही अमर्याद असतील, हा समज इथेच उघडा पडतो.

उष्णतेने दोन वेगळ्या गोष्टी होतात. पॅड फार तापले की त्यांची पकड घटते. पेडल घट्टच राहते, पण गाडी थांबत नाही. दुसरी गोष्ट अधिक वाईट असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो. पाणी मुरल्यावर प्रमाणानुसार हेच किमान आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येतात. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल काही प्रतिकार न करता तळाला जाते. पुष्कळदा हे उतरताना न होता पायथ्याशी चहाला थांबल्यावर होते, कारण वारा लागायचा थांबतो आणि तापलेल्या कॅलिपरची उष्णता ऑइलमध्ये शिरते. अर्ध्या तासाने गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा उत्तम लागतात आणि वर्कशॉपमध्ये काहीच सापडत नाही. म्हणून तक्रार करताना "घाट उतरून थांबल्यावर पहिल्या दाबाला पेडल तळाला गेले" असे सांगितले, तर जाणता मेकॅनिक थेट ऑइलकडे वळतो.

उपाय साधे आहेत. ब्रेक ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत बदलावे. बहुतेक कंपन्या ही मुदत दोन ते तीन वर्षांची सांगतात, आणि किलोमीटर कमी झाले म्हणून ती वाढत नाही, कारण ओलावा उभ्या गाडीतही मुरतो. झाकणावर लिहिलेलीच प्रत वापरावी. डॉट ५ हे सिलिकॉनचे असल्याने डॉट ३ किंवा ४ मध्ये कधीही मिसळू नये. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा. ऑटोमॅटिक गाडीत डी वर ठेवून ब्रेकवर विसंबण्याऐवजी मॅन्युअल मोड किंवा एल, म्हणजे खालचा गिअर, निवडावा. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षा ठामपणे दाबून वेग उतरवावा, मग सोडून पॅडना वारा लागू द्यावा. हिल डिसेंट कंट्रोल हे बटण कच्च्या, तीव्र उतारावर गोगलगतीने उतरण्यासाठी असते. ते इंजिनापेक्षा ब्रेकचाच वापर करते, म्हणून डांबरी घाटात तासभर ते लावून ठेवणे उलट फळ देते. विद्युत एसयूव्हीच्या मालकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: बॅटरी शंभर टक्के भरून महाबळेश्वरहून निघाल्यास उतारावर निर्माण होणारी वीज साठवायला जागाच नसते, त्यामुळे नेहमीचे रीजनरेटिव्ह ब्रेकिंग क्षीण होते. नेहमी अॅक्सिलरेटर सोडताच मंदावणारी गाडी अशा वेळी पळत राहते आणि चालक गोंधळतो. उताराच्या आधी बॅटरी थोडी रिकामी ठेवणे बरे.

मोठे अलॉय आणि रुंद टायर हौसेने बसवलेले असतील, तर तेही वर्कशॉपला सांगावे. चाक जड झाले की ते थांबवायलाही अधिक जोर लागतो, आणि टायरचा घेर बदलला तर एबीएसचे आणि स्पीडोमीटरचे गणित चुकते.

चालत्या गाडीत ब्रेक गेल्यास

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन बंद करू नये. ते बंद होताच स्टिअरिंग जड होते आणि बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच मदत शिल्लक राहते. पेडल तळाला जात असेल, तर ते भराभर वर-खाली दाबावे. थोडा दाब परत मिळण्याची शक्यता असते. पेडल घट्ट झाले असेल, तर उलट करावे, म्हणजे पंप न करता दोन्ही पायांनी, अंग टाकून दाबून धरावे, कारण बूस्टर गेला तरी पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोचत असतो. लक्षण ओळखण्याचा उपयोग इथे काही सेकंदांत होतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणावा, न्यूट्रल टाळावे, हॅझर्ड दिवे आणि हॉर्न लावावेत. ओढायचा हँडब्रेक असेल, तर त्याचे बटण दाबून ठेवून तो हळूहळू ओढावा. झटक्याने ओढल्यास मागची चाके जाम होतात. बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल, तर बहुतेक गाड्यांत ते बटण ओढून धरले की संगणक नियंत्रित रीतीने गाडी थांबवतो आणि सोडले की थांबवणे बंद करतो. ही सोय आपल्या गाडीत कशी चालते, ते मॅन्युअलमध्ये आधीच वाचून ठेवावे. घाटात यातले काहीच पुरेसे ठरले नाही, तर दरीच्या बाजूपेक्षा डोंगराच्या बाजूला, गटार किंवा मातीच्या कडेला गाडी घासत नेणे परवडते.

गाडीने आपणहून ब्रेक लावल्यास

रडार आणि कॅमेऱ्यावर चालणारी आपत्कालीन ब्रेक यंत्रणा आता मध्यम किमतीच्या एसयूव्हींतही आली आहे आणि तिच्याबरोबर तक्रारींचा नवा प्रकारही आला आहे: समोर काही नसताना गाडी करकचून थांबते आणि मागचे वाहन अंगावर येते. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये होंडाच्या सीआर-व्ही या एसयूव्हीची आणि अकॉर्डची चौकशी सुरू केली, ती याच स्वरूपाच्या २७८ तक्रारींवरून. चौकशीखाली आलेल्या गाड्या सुमारे १७ लाख होत्या. इतक्या कमी तक्रारींवरून इतकी मोठी चौकशी होऊ शकली, कारण त्या सर्वांत एकच लक्षण सांगितलेले होते.

आपल्याकडे असा अनुभव आल्यास घटनेची जागा, वेळ, वेग, पाऊस किंवा समोरचा सूर्य, रस्त्याच्या वळणावरील धातूचा कठडा, उड्डाणपुलाची सावली, ओलांडून गेलेली दुचाकी या गोष्टी त्याच दिवशी लिहून काढाव्यात. पुढच्या काचेवरचा आणि जाळीतील रडारसमोरचा चिखल, काच बदलल्यानंतर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन (नेमकी जुळणी) न होणे, नंबरप्लेट किंवा हौशी जाळी रडारच्या आड येणे ही नेहमीची कारणे आधी तपासावीत. यंत्रणा कायमची बंद ठेवण्याऐवजी इशाऱ्याचे अंतर कमी करून पाहावे. डॅशकॅम लावलेला असेल, तर ती फीत लगेच वेगळी जतन करावी. कॅमेरा जुन्या फितीवर नवी चढवत जातो.

याच ओघात पार्किंगबद्दल सांगितले पाहिजे. २०१६ मध्ये जीप ग्रँड चेरोकीसह ११ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या गेल्या, कारण त्यांचा इलेक्ट्रॉनिक गिअर दांडा प्रत्येक वेळी मधोमध परत येत असे आणि गाडी पार्कमध्ये गेली की नाही हे हाताला कळत नसे. अभिनेता अँटन येल्चिनचा त्या जूनमध्ये अशीच गाडी घरंगळत येऊन तिच्यात आणि फाटकाच्या खांबात चिरडल्याने मृत्यू झाला. गोल बटण किंवा दांडा फिरवून गिअर बदलणाऱ्या एसयूव्ही आता आपल्याकडेही सर्रास आहेत. पडद्यावर 'पी' दिसेपर्यंत थांबावे, पार्किंग ब्रेक स्वतंत्रपणे लावावा आणि मगच पाय उचलावा.

सर्व्हिस सेंटरमध्ये

जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि सही करण्यापूर्वी ती वाचावी. "ब्रेक चेक" अशी दोन शब्दांची नोंद नाकारावी. "इंजिन गरम असताना, साधारण ४० च्या वेगावर, पेडल घट्ट होते, ब्रेक दाबताना पायाजवळ हवेचा आवाज येतो, हे आठवड्यातून दोनदा घडते" अशी नोंद असली, तर तिच्यावर तपासणी करावीच लागते, आणि पुढे प्रकरण वाढले तर तोच पहिला पुरावा ठरतो. सर्व्हिस ॲडव्हायझर घाईत असला तरी ही पाच मिनिटे सोडू नयेत. शक्य असेल तर लक्षण ज्या स्थितीत येते त्या स्थितीत, म्हणजे गरम गाडीवर किंवा चढ-उतारावर, मेकॅनिकला शेजारी बसवून टेस्ट ड्राइव्ह घ्यावी.

स्कॅनर लावला जातो तेव्हा गाडीच्या संगणकात साठलेले दोष-संकेत दिसतात आणि सवयीने ते लगेच पुसले जातात. पुसण्याआधी त्यांची छापील प्रत किंवा पडद्याचे छायाचित्र मागावे. याच कारणाने, घटना घडल्यावर बॅटरीची तार काढून "गाडी रीसेट" करण्याचा शेजाऱ्याचा सल्ला मानू नये.

"या मॉडेलमध्ये असेच असते" असे उत्तर मिळाले, तर त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून दाखवण्याची विनंती करावी आणि ते उत्तर बिलावर किंवा ईमेलवर लेखी मागावे. पॅड, लायनर, डिस्क हे झिजणारे भाग म्हणून वॉरंटीतून वगळलेले असतात, हे खरे आहे. परंतु मास्टर सिलिंडर, बूस्टर, एबीएस युनिट हे सहसा तसे नसतात, तेव्हा सरसकट नकार ऐकून परत येऊ नये. बदललेले जुने भाग दाखवायला सांगावेत.

कंपनी, सरकार आणि ग्राहक आयोग

दोन वेळा दुरुस्ती होऊनही दोष राहिला, तर डीलरला वगळून थेट उत्पादक कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करावा आणि त्यात सतरा अक्षरांचा चेसिस क्रमांक, तारखा, किलोमीटर आणि जॉब कार्डांच्या प्रती जोडाव्यात. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस क्रमांक टाकून आपल्या गाडीवर रिकॉल आहे का, म्हणजे दोषामुळे कंपनीने ती परत बोलावली आहे का, तेही पाहावे.

भारतात २०१२ पासून रिकॉल ही वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छेची आचारसंहिता होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०अ हे कलम आले आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना ते लागू आहेत आणि दोष असूनही कंपनीने स्वतः गाड्या बोलावल्या नाहीत, तर १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र वर्षाला १०,००० हून अधिक खपणाऱ्या मॉडेलच्या बाबतीत चक्र फिरायला तक्रारींचा उंबरठा १,२५० चा आहे. व्हॉट्सॲप गटावर शंभर मालकांनी संताप व्यक्त केला, तरी या मोजणीत त्यातली एकही धरली जात नाही. परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' संकेतस्थळावरील रिकॉल विभागात प्रत्येक मालकाने स्वतंत्र तक्रार नोंदवावी लागते. त्यासाठी आरसीवर आपला चालू मोबाइल क्रमांक असणे सोयीचे ठरते. गटातील मालकांनी एकमेकांचा मजकूर जसाच्या तसा न उतरवता, लक्षणाचे नाव मात्र सारखे ठेवून, आपापली घटना लिहावी.

वैयक्तिक भरपाईसाठी मार्ग वेगळा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि पुष्कळ प्रकरणे तेथे तडजोडीने सुटतात. न सुटल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही, तक्रार करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. कंपनीशी पत्रव्यवहार करण्यात ती निघून जाऊ देऊ नये. उत्पादनातला दोष तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय सिद्ध करणे अवघड जाते, म्हणून गाडी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घेण्याची मागणी तक्रारीतच करावी. तपासणी होईपर्यंत वादातला भाग बाहेरच्या गॅरेजमध्ये बदलून टाकू नये, नाहीतर तपासायला काही उरत नाही.

जुनी गाडी विकत घेतली असल्यास

रिकॉलची पत्रे कंपनीच्या दप्तरात असलेल्या पहिल्या मालकाला जातात. दुसऱ्या हाताने घेतलेल्या एसयूव्हीच्या मालकाला ती अनेकदा मिळत नाहीत, आणि वय वाढलेल्या जड गाड्यांतच गंजाचे दोष उघडे पडतात. २०१४ मध्ये जीप ग्रँड चेरोकी आणि डॉज ड्युरँगो यांच्या सुमारे ८ लाख ६७ हजार गाड्या बूस्टरच्या कवचाला लागणाऱ्या गंजासाठी परत बोलावण्यात आल्या. जून २०२२ मध्ये मर्सिडीझने २००४ ते २०१५ या काळातील एमएल, जीएल आणि आर श्रेणीतील जगभरातील जवळपास १० लाख गाड्यांबाबत असाच निर्णय घेतला, कारण बूस्टरवरील रबरी आवरणाखाली ओलावा साचून कवच गंजत होते आणि अगदी टोकाच्या स्थितीत जोरदार ब्रेक दाबल्यास पेडल आणि ब्रेक यांचा संबंधच तुटू शकत होता. अमेरिकेतील मालकांना तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका, असे सांगण्यात आले.

तेव्हा जुनी एसयूव्ही घेताना व्यवहाराआधीच चेसिस क्रमांकावरून प्रलंबित रिकॉल तपासावे, अधिकृत केंद्राकडून सर्व्हिसचा इतिहास मागवावा आणि गाडी लिफ्टवर चढवून ब्रेकच्या लोखंडी नळ्या, रबरी होज आणि बूस्टरचे कवच टॉर्च लावून पाहावे. आरसी नावावर झाल्यावर कंपनीच्या ग्राहक विभागाला नव्या मालकाचे नाव, पत्ता आणि फोन कळवावा. रिकॉलची दुरुस्ती विनामूल्य असते. ती झाल्याची लेखी नोंद चेसिस क्रमांकासह घ्यावी आणि घरी आल्यावर वर सांगितलेल्या तिन्ही उभ्या तपासण्या स्वतः पुन्हा कराव्यात.